जवारी कुणी काढायची?

तंबोरा आणि त्याची जागा घेणारे यंत्र यांत ‘तसा काही फरक नाही’, हे विधान हल्ली इतक्या सहजपणे केले जाते की त्याचा प्रतिवाद करणारा एकतर सोवळा ठरतो किंवा भाबडा. विधान करणारी मंडळी अडाणी नसतात. त्यांत संगीताचे शिक्षक असतात, कार्यक्रमांचे संयोजक असतात आणि, खेदाने सांगावे लागते, साहित्याचे प्राध्यापकही असतात. महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात गाणाऱ्या मुलीमागे तंबोरा नाही, टेबलावर एक मोबाइल ठेवलेला आहे, याकडे लक्ष वेधले तर उत्तर ठरलेले असते: स्वर तोच, षड्ज तोच, मग बिघडले कुठे?

साहित्यचर्चेच्या पानांवर हा विषय का, असे कुणी विचारील. माझे उत्तर असे की, ‘तसा काही फरक नाही’ हे वाद्याविषयीचे निरीक्षण नाही. तो समीक्षेने दिलेला निवाडा आहे, आणि आपल्या व्यवसायात तो रोज दिला जातो. एकाच विषयावरच्या दोन कादंबऱ्या, एकाच कवितेची दोन भाषांतरे, एकाच नाटकाच्या दोन संहिता समोर आल्या की आपण आशयसूत्र सारखे आहे एवढे नोंदवतो आणि पुढे सरकतो. जवळजवळ सारख्या असलेल्या दोन गोष्टींतला फरक ओळखणे आणि त्याला नाव देणे हे समीक्षेचे मूळ काम आहे. ते काम आपण किती सोडून दिले आहे, हे पुस्तकांपेक्षा वाद्यांच्या उदाहरणावरून लवकर कळते, कारण तिथे कथानकाच्या आड लपता येत नाही. तिथे फक्त आवाज असतो.

२

मिरजेकडे वळण्यापूर्वी एका दूरच्या वादाकडे पाहू. सारख्या वाद्यांची काटेकोर तुलना कशी होते आणि ती कुठे अडते, हे त्यात स्वच्छ दिसते. हा वाद बारा तारांच्या इलेक्ट्रिक गिटारीचा.

या गिटारीत तारांच्या सहा जोड्या असतात. खालच्या स्वरांच्या चार जोड्यांत एक तार मूळ स्वरात आणि दुसरी त्याच्या वरच्या सप्तकात लावतात. उरलेल्या दोन जोड्यांत दोन्ही तारा एकाच स्वराच्या. दोन तारा कधीच पूर्णपणे एकरूप होत नाहीत, आणि त्या किंचित तफावतीतून या वाद्याचा चमकता, झुळझुळता आवाज तयार होतो. १९६४ साली रिकनबॅकर कंपनीची ‘३६०/१२’ ही गिटार बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनच्या हाती आली आणि त्याच वर्षीच्या ‘अ हार्ड डेज नाइट’मधून तिचा आवाज जगभर गेला. पाठोपाठ १९६५ मध्ये बर्ड्‌स या अमेरिकन वाद्यवृंदाच्या रॉजर मॅग्विनने तिला आपली ओळख केले. फेंडर कंपनीनेही ‘इलेक्ट्रिक ट्वेल्व्ह’ नावाची आपली गिटार त्याच सुमारास बाजारात आणली.

या दोन गिटारी डोळ्यांना वेगळ्या दिसतात, पण तत्त्व एकच. तरी कान त्या वेगळ्या ऐकतात. का? चाहत्यांचे लाडके उत्तर म्हणजे पिकअप. पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेले चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेले बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे. पोलादी तार चुंबकीय क्षेत्रात कंप पावली की वेटोळ्यात वीज निर्माण होते. तीच पुढे ध्वनिवर्धकात जाते. वेटोळ्याचे फेरे किती, चुंबक केवढे, पिकअप तारेच्या नेमक्या कोणत्या बिंदूखाली आहे, यांवर आवाजाचा पोत बदलतो. तारेच्या एखाद्या उपस्वराचा स्थिर बिंदू नेमका पिकअपच्या डोक्यावर आला तर तो उपस्वर पिकअपला ऐकूच येत नाही. म्हणून रिकनबॅकरचे जुने, पाव भाजण्याच्या यंत्रासारखे दिसणारे ‘टोस्टर’ पिकअप आणि नंतरचे जास्त जोराचे ‘हाय-गेन’ पिकअप यांच्यावर शौकीन मंडळी वर्षानुवर्षे भांडत आली आहेत.

या भांडणाची मी टिंगल करणार नाही. त्यात ऐकण्याची खरी शिस्त आहे. तारा त्याच, हात तोच, ध्वनिवर्धक तोच ठेवून एकच भाग बदलायचा आणि मग ऐकायचे, एवढा संयम आमच्या तौलनिक अभ्यासांच्या प्रबंधांत दिसला असता तर बरे झाले असते. पण हे शौकीन एका ठिकाणी अडकतात. ऐकू आलेला प्रत्येक फरक ते विकत घेता येणाऱ्या एखाद्या भागाच्या नावावर जमा करतात. मॅग्विनच्या त्या प्रसिद्ध नादात स्टुडिओतल्या कॉम्प्रेसरचा मोठा वाटा होता. हे उपकरण मोठा आवाज दाबते आणि विरत जाणारा आवाज उचलून धरते, त्यामुळे नाद लांबतो. ते किती दाबायचे, हे ठरवणारा कुणी माणूस होता. शिवाय रिकनबॅकरमध्ये सप्तकाच्या जोड्यांतल्या तारांचा क्रम इतर गिटारींच्या उलट असतो. खाली येणारा आघात आधी जाड तारेवर पडतो, मग बारीक तारेवर. म्हणजे आवाजाचा काही भाग चुंबकात, काही मांडणीत आणि काही कुणाच्या तरी निर्णयात. त्यांतला विकता येतो तो फक्त पहिला, म्हणून चर्चा त्याचीच होते.

याच वाटेवर १९६७ साली आणखी एक गंमत झाली. सतारीचा आवाज पाश्चात्त्य जगात लोकप्रिय झाला होता. तेव्हा व्हिन्सेंट बेल या गिटारवादकाच्या कल्पनेतून ‘कोरल’ या नावाची इलेक्ट्रिक सितार निघाली. वस्तुतः ती गिटारच. पण तिची घोडी अशी पसरट केलेली की तार तिला घासून झणझणावी. या मंडळींनी सतारीचे मर्म बरोबर हेरले होते. त्यांनी जवारी ओळखली. चूक एवढीच की, ती एक भाग आहे असे त्यांनी मानले.

३

आता मिरज. सांगली जिल्ह्यातल्या या गावात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेब या शिकलगार घराण्यातल्या कारागिराने तंतुवाद्ये करायला घेतली. शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार लावणारे. संस्थानी लढाया संपल्या, तलवारींचे काम आटले, आणि पोलादावर बसलेला हात लाकडावर आला. पुढे त्यांच्या वंशजांनी ‘सतारमेकर’ हेच आडनाव धारण केले. पंढरपूरच्या बाजूने येणारे भोपळे, तुणीचे लाकूड, आणि पिढ्यानपिढ्यांचे हात यांतून घडलेले मिरजेचे तंबोरे देशभरातल्या मैफलींत गायकांच्या मागे उभे राहिले.

तंबोरा बहुधा जोडीने लागतो, हे ध्यानात घ्यावे. गायकाच्या मागे डावी-उजवीकडे दोन तंबोरे असतात, आणि कारागीर ती जोडी जमवून देतो: भोपळ्याचा घेर मिळता, दांडीची लांबी मिळती, तबलीची जाडी मिळती. सारख्या वाद्यांच्या तुलनेसाठी याहून चांगली प्रयोगशाळा कुठली? तरीही जोडीतले दोन तंबोरे एकसारखे बोलत नाहीत. भोपळा शेतात वाढतो, साच्यात नाही. लाकडाचा रेषा एक नसतो. एवढा फरक राहणारच, आणि तो राहावाही. दोन नाद एकमेकांत मिसळतात ते त्यामुळेच. पण या फरकाला आवर घालून दोन्ही वाद्ये एका गळ्यामागे बसतील असे करणारी शेवटची क्रिया म्हणजे जवारी.

गिटारीच्या किंवा व्हायोलिनच्या घोडीवर तार एका धारेवर टेकते. तंबोऱ्याची घोडी रुंद आणि किंचित उतरती असते. कंप पावणारी तार त्या उतारावर टेकते, उठते, पुन्हा टेकते. तिची बोलती लांबी क्षणोक्षणी सूक्ष्मपणे बदलते. त्या घासण्यातून वरचे उपस्वर पुन्हा पुन्हा जागे होतात. तार छेडल्यावर नाद नुसता विरत जात नाही. तो आतून उलगडत जातो. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर लिहिलेल्या निबंधात नेमकी हीच नवलाची गोष्ट टिपली आहे. तार ज्या बिंदूवर छेडली जाते तिथे ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू असेल ते उपस्वर उमटू नयेत, असा युरोपात मान्य झालेला नियम होता. तंबोऱ्यात आणि वीणेत ते बिनदिक्कत उमटतात.

घोडीचा हा उतार कानसेने आणि काचकागदाने साधावा लागतो. थोडे घासायचे, तार चढवायची, ऐकायचे, पुन्हा उतरवायची, पुन्हा घासायचे. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक दोरा सरकवायचा. तो केसभर पुढे-मागे झाला की बंद नाद खुलतो किंवा खुलेला फाटतो. चार तारांना चार वेळा. पंचमाची तार, जोडाच्या दोन आणि खर्जाची, या चौघींची जवारी एकमेकींशी जुळली पाहिजे. आणि कोणत्या स्वरासाठी? काळी एकला गाणाऱ्या पुरुषाच्या तंबोऱ्याची जवारी पांढरी पाचला गाणाऱ्या बाईच्या कामाची नाही. शिवाय हे काम एकदा करून संपत नाही. वाजून वाजून तार घोडीत खाच पाडते, नाद बसतो, जवारी पुन्हा काढावी लागते.

सतारीत तर याच क्रियेने घराणी ओळखली जातात. पंडित रविशंकरांच्या सतारीची खुली जवारी आणि विलायत खाँसाहेबांच्या सतारीची बंद, गोल जवारी यांतला फरक ज्याला ऐकू येतो, त्याला दोघांच्या वादनविचारातला फरकही निम्मा कळलेला असतो. विलायत खाँना तारेतून गळा काढायचा होता. झणझणाट आवरल्याशिवाय तो निघत नाही. म्हणजे जवारी हा घोडीचा गुण आहे असे म्हणणे अपुरे आहे. कुणासाठी, कशासाठी आणि कसे, याचा तो निर्णय आहे, आणि तो घेणारा माणूस कान देऊन बसलेला असतो. वाद्याच्या यादीत तो कुठेच लिहिता येत नाही.

४

माझ्या या म्हणण्याला दोन बाजूंनी विरोध होतो. पहिली बाजू मोजमापवाल्यांची, आणि तिचे एक प्रकरण आपल्याच सांगली-साताऱ्यात घडले आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींचा प्रश्न मोजून सोडवायचे मनावर घेतले. १९१० साली त्यांचे हिंदू स्वरसप्तक आणि बावीस श्रुती यांवरचे इंग्रजी पुस्तक निघाले. साताऱ्यात न्यायाधीश असलेले अर्नेस्ट क्लेमंट्स हे सनदी अधिकारी त्यांना येऊन मिळाले. क्लेमंट्सांचे भारतीय संगीतावरचे पुस्तक १९१३ चे. या दोघांनी गाणाऱ्याचे स्वर तारेच्या लांबीवर मोजले, गुणोत्तरे मांडली, आणि त्या गुणोत्तरांवर आधारलेला श्रुती-हार्मोनियम इंग्लंडातून करवून घेतला. १९१६ साली बडोद्यात भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत त्याची बाजू मांडली गेली. तिथे भातखंडे आणि त्यांच्या बाजूचे लोक विरोधात उभे राहिले, आणि श्रुती-हार्मोनियमला मान्यता मिळाली नाही.

देवलांना आज हसणे सोपे आहे. मी हसणार नाही. आपल्या संगीताविषयी काही निश्चित, पडताळता येईल असे बोलावे, ही त्यांची इच्छा मोलाची होती. पण प्रयोगाची एक बाजू विसरली जाते. त्यांना स्वर गाऊन दाखवणारे गायक होते अब्दुल करीम खाँ, मिरजेला घर केलेले, १९३७ साली मिरजेतच दफन झालेले. म्हणजे मोजपट्टीला आधार होता तो एका गळ्याचा आणि एका कानाचा. आकडे खाँसाहेबांच्या स्वरांवरून निघाले. स्वर आकड्यांवरून निघाले नाहीत. आणि हेच खाँसाहेब वाद्यांची दुरुस्ती स्वतःच्या हातांनी करण्यात निष्णात होते. तंबोऱ्याच्या खर्जातून उमटणारा स्वयंभू गंधार ऐकून त्यावर आपला गंधार ठेवणाऱ्या किराणा घराण्याचे ते प्रवर्तक. खर्जाच्या तारेचा पाचवा उपस्वर गंधार असतो, हे गणित देवलांनाही मान्य झाले असते. पण तो गंधार तंबोऱ्यात ऐकू येईल की नाही, हे गणित ठरवत नाही. ते जवारी ठरवते.

इथे मोजमापवाल्यांची मर्यादा दिसते. स्वर कुठे आहे, हे त्यांनी मोजले. तो कसा आहे, हे त्यांच्या तक्त्यात मावले नाही. आजची यंत्रवादी मंडळी देवलांची वारस आहेत, फक्त देवलांइतकी जिज्ञासू नाहीत. ‘षड्ज तोच’ म्हणताना ती कंपसंख्येचा आकडा सांगत असतात आणि आवाजाचा प्रश्न मिटला असे समजतात.

५

दुसरा विरोध अधिक गोड भाषेत होतो, म्हणून अधिक घातक आहे. ही बाजू म्हणते: तंबोऱ्याचा नाद म्हणजे नादब्रह्म, त्याचे विश्लेषण कसले करता? तो अनुभवायचा असतो. मराठीतले बरेचसे संगीतविषयक ललित लेखन या सुरात वाहत आले आहे. ‘तंबोरे जुळले आणि सभागृह एका वेगळ्याच विश्वात गेले’ छापाची वाक्ये आपण सर्वांनी वाचली आहेत. या वाक्यात तंबोऱ्याविषयी एकही माहिती नाही. ते कोणत्याही मैफलीला, कोणत्याही सभागृहाला आणि, थोडे बदलून, कोणत्याही मोबाइललाही लागू पडेल.

मिरजेत घोडी घासणारा कारागीर ‘अनिर्वचनीय’ हा शब्द वापरू शकत नाही. त्याला सांगता आले पाहिजे की जोडाची दुसरी तार पहिलीपेक्षा दबली आहे, की खर्ज घुमतो पण बोलत नाही, की पंचमाचा आवाज फाटतो आहे. सांगता आले नाही तर दुरुस्त करता येणार नाही. त्याचे वर्णन हा त्याच्या कामाचा भाग आहे. साहित्यसमीक्षेत मात्र वर्णन न करता येणे हीच रसिकतेची खूण मानली जाते. आपल्याकडे याला अपवाद झाले आहेत. वामनराव देशपांडे यांनी ‘घरंदाज गायकी’त स्वर आणि लय यांच्या प्रमाणावर घराणी तोलून पाहिली. अशोक दा. रानडे यांनी आयुष्यभर आवाजाविषयी बोलण्यासाठी परिभाषा घडवली. त्यांची मते पटोत न पटोत, त्यांच्याशी वाद घालता येतो. ‘वेगळ्याच विश्वा’शी वाद घालता येत नाही, आणि ज्याच्याशी वाद घालता येत नाही ते समीक्षा नव्हे.

मोजमापवाला आणि गूढवादी हे एकमेकांचे शत्रू वाटतात, पण जवारी काढणाऱ्याला दोघेही सारखेच निकालात काढतात. पहिल्याच्या मते त्याने केलेला फरक मोजण्यापलीकडचा म्हणून नगण्य, दुसऱ्याच्या मते तो दैवी म्हणून त्याचा नव्हेच.

६

आता यंत्राकडे येतो, आणि त्याच्या बाजूचे जे आहे ते आधी मान्य करतो. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत इलेक्ट्रॉनिक तंबोरा घरोघर पोचला आणि त्याने एक मोठी अडचण दूर केली. दोन खोल्यांच्या घरात पाच फुटांचा तंबोरा ठेवणे, एसटीच्या गर्दीतून तो नेणे, रियाजाला बसताना तो छेडायला दुसरा माणूस मिळवणे हे अनेकांना शक्य नव्हते. यंत्राने त्यांना षड्ज दिला. आज मोबाइलमध्ये खऱ्या तंबोऱ्याचे ध्वनिमुद्रण असते आणि त्याचा नाद वाईट नसतो. म्हणून ‘यंत्राचा आवाज कृत्रिम’ एवढ्यावर थांबणारा युक्तिवाद मला लंगडा वाटतो. उद्या तो आवाज आणखी सुधारेल, मग आपण काय म्हणणार?

माझा आक्षेप दुसरा आहे. यंत्र जुळवावे लागत नाही. तंबोरा जुळवणे हा आपल्या संगीतशिक्षणातला पहिला धडा होता आणि तो गाण्याचा धडा नव्हता, ऐकण्याचा होता. जोडाच्या दोन तारा जवळ येतात तेव्हा त्यांच्यातली लहर हळू होत जाते आणि एका क्षणी थांबते. मणी तांदळाएवढा सरकवला की ती पुन्हा सुरू होते. ‘जवळजवळ सारखे’ आणि ‘सारखे’ यांतले अंतर मुलाला तिथे कळत असे, आणि ते आपल्या हातांनी मिटवता येते हेही. बटण दाबून मिळणारा षड्ज त्याला यातले काहीच शिकवत नाही. चूक असलेला तंबोरा त्याने कधी ऐकलेलाच नसतो, मग बरोबर असलेला ओळखणार कसा?

आणि विजेशी माझे वैर आहे असेही नाही. पिकअप बसवलेल्या सपाट सतारी, छोट्या तंबोऱ्या मिरजेतही होतात, आणि त्यात काही बिघडत नाही. तलवारीला धार लावणाऱ्यांनी सतार केली. तेव्हाही कुणी परंपरा बुडाली म्हणून नाक मुरडले असेल. पण पिकअप लावताना एक गोष्ट समजून घ्यावी लागते: तो निवडून ऐकतो. गिटारीवरचा चुंबकीय पिकअप पोलादी तारेला प्रतिसाद देतो. तंबोऱ्याच्या जोडाच्या तारा पोलादी असतात, खर्जाची मात्र बहुधा पितळेची. चुंबकाला पितळेचे काही ऐकू येत नाही. म्हणजे ज्या तारेतून स्वयंभू गंधार निघायचा तिच्याचकडे हा पिकअप पाठ फिरवतो. घोडीखाली बसवायचा दाबावर चालणारा पिकअप घेतला तर पितळ चालते, पण तो घोडीवरची झणझण पुढे काढतो आणि भोपळ्याचा घुमारा मागे ठेवतो. सभागृहासाठी खुली केलेली जवारी त्यातून टोचरी वाटू शकते. उपाय साधा आहे: पिकअप जोडून, ध्वनिवर्धकातून ऐकत, जवारी पुन्हा काढायची. म्हणजे पुन्हा तोच माणूस, तीच कानस, तोच दोरा. वीज आली म्हणून त्याची गरज संपत नाही, उलट वाढते. जे पिकअप की तंबोरा असा वाद घालतात ते चुकीच्या दोन गोष्टींत निवड करायला सांगत आहेत.

७

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. ते योग्यच झाले. मिरजेचे नाव लावून दुसरीकडचा माल विकणाऱ्याला त्याने आळा बसेल. पण मानांकन गावाच्या नावाचे रक्षण करते, कानाचे नाही. वाद्य एकदा विकले जाते, त्याची पावती होते. त्यानंतर दर काही काळाने करायची जवारी ही मात्र ‘दुरुस्ती’ समजली जाते आणि तिची मजुरी देताना घासाघीस होते. मोठ्या गायकाचे नाव आपण घेतो, वाद्य करणाऱ्या घराण्याचे नावही अलीकडे घेऊ लागलो आहोत. परंतु त्या संध्याकाळी तंबोरे ज्याच्या जवारीमुळे बोलले, त्याचे नाव कार्यक्रमपत्रिकेवर छापलेले मी अजून पाहिलेले नाही. सातारा जिल्ह्यातल्या औंधला १९४० पासूनची संगीत महोत्सवाची परंपरा आहे, सांगली-मिरजेत दर्ग्याच्या उरुसाला गायकांची हजेरी लागत आली आहे. सुरुवात करायची तर याच परिसराने करावी: निवेदकाने तबलजीच्या नावाआधी जवारी काढणाऱ्याचे नाव घ्यावे. यासाठी अनुदान लागत नाही.

आणि आपण, साहित्याचे शिक्षक? मर्ढेकरांची संवादलय, विरोधलय आणि समतोललय आपण दरवर्षी शिकवतो. विद्यार्थी तीन व्याख्या पाठ करतात आणि गुण मिळवतात. लयीचे तत्त्व मांडताना मर्ढेकरांना इंद्रियसंवेदनांपासून निघायचे होते, हे आपण फळ्यावर लिहितो आणि वर्गात एकही संवेदना येऊ देत नाही. माझ्या पाहण्यातल्या एका महाविद्यालयात मिरजेचे दोन तंबोरे गवसणीसह कपाटात बंद आहेत. किल्ली कुणाकडे आहे, यावर मतभेद आहेत. मात्र लयतत्त्वावरच्या चर्चासत्राला तिथे कधी अडचण आली नाही.

माझी सूचना अशी आहे. ते कपाट उघडावे. तारा बदलून दोन्ही तंबोरे जुळवावेत, आणि मराठीच्या विद्यार्थ्यांना त्यांच्यासमोर अर्धा तास बसवावे. मग प्रत्येकाने एक पान लिहावे: या दोन सारख्या वाद्यांत फरक काय? ‘दिव्य’, ‘अलौकिक’, ‘मंत्रमुग्ध’ हे शब्द वर्ज्य. आकडेही वर्ज्य. आपल्या भाषेत यासाठी शब्द कमी नाहीत: खुला, बंद, गोल, दबलेला, घुमारदार, चिरका, भरीव, पोकळ, फुटका, बसका, टोकदार, जवारीदार. हे शब्द कुणी सौंदर्यशास्त्राच्या ग्रंथातून आणलेले नाहीत. ऐकणाऱ्यांना आणि वाद्य हाताळणाऱ्यांना त्यांची गरज पडली, म्हणून ते रुळले. ते वापरताना विद्यार्थी अडखळतील, एकमेकांशी भांडतील, एकाचा ‘गोल’ दुसऱ्याला ‘दबलेला’ वाटेल. मग कानाला पुन्हा साक्षीला बोलवावे लागेल. त्या भांडणाला मी समीक्षा म्हणतो.

ज्याला दोन तंबोऱ्यांतला फरक ऐकायचा कंटाळा आहे, त्याने दोन कवींतल्या फरकावर प्रबंध लिहू नये. त्याला फार तर दोन्हींचा विषय सांगता येईल, जसा यंत्राला षड्ज सांगता येतो. ‘तसा काही फरक नाही’ असे म्हणण्याचा अधिकार आहे, पण तो त्याला, ज्याने कानस हातात घेऊन, तार चढवून-उतरवून, फरक मिटवायचा प्रयत्न केला आहे. मिरजेत अशी माणसे अजून आहेत. फरक नाही, असे त्यांच्यापैकी कुणी म्हणताना मी ऐकलेले नाही.